एकूण भेटी

"बिघडलेली नाही म्हणूनच आलोय," तो लिफ्टवाला म्हणाला आणि पुन्हा आपल्या ब्रशकडे वळला. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडं टाकून उभी होती आणि तिच्या उंबऱ्यापाशी गुडघे टेकून तो दाराच्या खाचेतली घाण काढत होता. शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्यानं निघालेला माल मांडून ठेवला होता: केसांची एक पिन, पेनाचं टोपण, चिमूटभर खडे, एक गुलाबी बटण. अंगात आमच्याच कंपनीचा करडा शर्ट, खिशावर 'उत्तर डेपो' असं शिवलेलं. मी घाईत होते, आणि घाईतल्या माणसाला दुसऱ्याचं काम म्हणजे अडथळाच वाटतो. म्हणून मी जरा वरच्या पट्टीत विचारलं होतं, काय बिघडलंय? काही नाही, तो म्हणाला. मग उघडून कशाला बसलाय? त्यावर त्याचं हे उत्तर. वर आणखी, "बिघडली की सगळे धावतच येतात हो. पाच मिनिटं थांबा, नाहीतर जिना आहेच." मी जिना धरला. चव्वेचाळिसाव्या वर्षी चार मजले उतरणं काही जड नसतं, पण सकाळी सकाळी कुणी गप्प केलेलं जड जातं.

मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या मुख्य कचेरीत रिपोर्ट बनवते. अकरा वर्षं झाली. नऊ डेपो, सहा हजार लिफ्ट, अडीचशे मेकॅनिक, आणि त्यांच्या हातून रोज जे काय होतं ते एका पानावर उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, हे माझं काम. कचेरीत मला तक्तेबाई म्हणतात, माझ्या पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात, आणि मला ते आवडतं. तक्तेबाईंचा तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेब एकदा भर बैठकीत म्हणाले होते, तेव्हा मी खाली मान घालून कागद सारखे केले होते, पण आतून फुलले होते हे कबूल करायला हवं. तर आज साडेअकराला बैठक होती. उत्तर डेपो बंद करायचा आणि तिथल्या बावीस जणांपैकी जमतील तेवढे इतरत्र पांगवायचे, उरलेल्यांना घरी पाठवायचं, हे ठरायचं होतं. ठरलंच होतं म्हणा, शिक्का तेवढा बाकी होता. आणि आधार माझा तक्ता. 'एकूण भेटी' अशा मथळ्याखाली नऊ डेपोंची नावं उतरत्या क्रमानं, आणि अगदी तळाला उत्तर. माणशी तीन दिवसांत एक भेट. "उरलेले दोन दिवस काय पत्ते कुटतात का?" असं साहेबांनी विचारलं होतं आणि सगळे हसले होते. मीही हसले होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबले. वर आत्ता जी भेट चालू आहे, ती माझ्या 'एकूण भेटीं'त येते का? प्रश्न मनात आला आणि उत्तरही त्याच्या मागोमाग आलं: येणारच, एकूण म्हणजे एकूण. मला उत्तरं अशीच पटकन येतात, लहानपणापासून. तरी माझा एक पाय वरच्या पायरीवर तसाच राहिला होता. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दूध घेऊन वर येत होते, ते म्हणाले, "काय, लिफ्ट बंद?" मी म्हटलं, "नाही, चालू आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच ओशाळले.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मी डोळे मिटून माझा ठोकळा समोर आणला. आमच्या कामात त्याला क्यूब म्हणतात. पण मी मनात ठोकळाच म्हणते. साध्या वहीत ओळी आणि रकाने असतात, संपलं. ठोकळ्याला बाजू असतात, आमच्याला अकरा आहेत: दिवस, डेपो, इमारत, लिफ्टची जात, मेकॅनिक, भेटीचा प्रकार, अशा. एकच भेट या सगळ्या बाजूंनी दिसते. तुम्हाला हव्या त्या दोन बाजू पानावर आणायच्या, एक आडवी, एक उभी, की तक्ता तयार. लोकांना हे सांगायला गेलं की त्यांचे डोळे पेंगतात. मला मात्र ते शिकावंच लागलं नाही. आमची आई कपडे शिवायची. तिच्याकडे बटणांचा एक मोठा चौकोनी डबा होता, आणि दुपारी तिचं मशीन चालू असलं की ती मान न वळवता विचारायची, "पांढरी, लहान, चार भोकांची किती आहेत गं?" ताई आणि मी जमिनीवर बसलेल्या असायचो. ताई एकेक बटण बाजूला काढत मोजायला लागायची. मी डबा एकदाच पालथा करायचे, हातानं पसरायचे, आणि तिचं सहावं बटण मोजून होईतो मी "एकोणीस!" म्हणून मोकळी. आई म्हणायची, धाकटी माझी हुशार. मग मी खेळायला पळायचे, आणि पसरलेली बटणं पुन्हा डब्यात कोण भरायचं हे मी कधी वळून पाहिलं नाही. डबा दुसऱ्या दिवशी भरलेला असायचा, एवढं ठाऊक.

भेटीचा प्रकार. बस सिग्नलला थांबली होती आणि मी त्या बाजूवर अडले होते. प्रकार दोन. तक्रार आली म्हणून दिलेली भेट, आणि तक्रार येऊ नये म्हणून दिलेली देखभालीची भेट. सकाळी तो माणूस गुडघ्यांवर बसून करत होता ती दुसरी. 'एकूण भेटी'च्या तक्त्यात मी ती बाजू आणलेलीच नाही. आणायचं कारणही नव्हतं, आडवे महिने आणि उभे डेपो, बस झालं. आता ठोकळ्याची एक खोड अशी, की ज्या बाजूबद्दल तुम्ही चकार शब्द काढत नाही, तिचं उत्तर तो आपल्या मनानं धरून चालतो. सहसा तो 'सगळे' असं धरतो. पण त्यानं काय धरायचं हे ठरवून ठेवता येतं. आणि कधीतरी, फार पूर्वी, कुणीतरी काहीतरी ठरवून ठेवल्याचं मला पुसटसं आठवू लागलं. सिग्नल सुटला. मी स्वतःला म्हटलं, उगाच भुई धोपटू नकोस, साप आहे की नाही ते आधी बघ. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "काही म्हणालात?" मी नाही म्हटलं.

असं काही मनात घुसलं की मला हटकून ताई आठवते, आणि ते मला आवडत नाही. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ताईकडे असते, म्हणजे ताई तिच्याकडे असते, कसंही म्हणा. मी शहराच्या या टोकाला, त्या त्या टोकाला. फोन आला की मी जाते. आई घसरली, मी गेले, दवाखाना, डॉक्टर, फॉर्म, सह्या, सगळं चोवीस तासांत उरकून टाकलं. मामा सगळ्यांना सांगत सुटला, धाकटी आली म्हणून निभावलं. तिला श्वास लागला तेव्हाही मीच. माझ्या भेटी अशा मोजता येतात, तारखेसकट. मागच्या वर्षी आतेभावाच्या घरी बायका बसल्या होत्या, ताईचा विषय निघाला, आणि मी म्हटलं, "तिला काय, घरीच तर असते ती." बोलून गेले. ताई आत भांडी पुसत होती हे मला नंतर कळलं. न्हाणीघरात ताईनं आईच्या हाताला येईल अशा उंचीवर दांडी बसवून घेतलेली, उंबऱ्यावरचं पायपुसणं कधीच काढून टाकलेलं, रात्रीचं पाणी उशाशी, चपलांचे तळवे गुळगुळीत झाले की नव्या चपला. त्या घसरण्यानंतरच्या तीन वर्षांत आई पुन्हा घसरली नाही. न घसरण्याची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. बसच्या काचेवर डोकं टेकून बसले असताना मला लाज वाटली, आणि ती नुसती ताईपुरती नव्हती.

मी नऊला जागेवर होते. अजून कुणी आलं नव्हतं. सफाईवाली मावशी खुर्च्या टेबलांवर चढवत होती. "आज लवकर?" ती म्हणाली. मी म्हटलं, "एक बघायचंय." ठोकळा उघडला, भेटीच्या प्रकाराची बाजू उघडली, आणि तिच्या माहितीच्या पानावर गेले. धरून चालायचं उत्तर: तक्रार. खाली ते ठरवल्याची तारीख, सात वर्षांपूर्वीची, आणि ठरवणाऱ्याचं नाव. माझं. मग सगळं लख्ख आठवलं. तेव्हा तक्रार विभागाला रोज सकाळी तक्ता हवा असायचा, आणि रोज तो प्रकार निवडायचा मला कंटाळा यायचा. एका दुपारी, अर्धा चहा पिऊन झालेला असताना, मी ती खूण करून ठेवली; अर्धं मिनिटही लागलं नसेल. स्वतःवर खूशही झाले होते. पुढे दोन महिन्यांनी 'एकूण भेटी'चा तक्ता बनवला, आणि त्या बाजूचा उल्लेख केला नाही, म्हणून ठोकळ्यानं निमूटपणे तक्रारी तेवढ्या दिल्या आणि वर मी माझ्या हातानं 'एकूण' असा मथळा दिला. यात सगळ्यात बोचरी गोष्ट अशी की मी ताळा करत होते. दर महिन्याला, न चुकता. तक्रार विभागाच्या रजिस्टरशी. आणि तो एकेका भेटीपर्यंत जुळत होता. न जुळून करतो काय, दोन्हीकडे तक्रारीच तर होत्या. दर महिन्याला तो जुळला की मी पेनानं बरोबरची खूण करायचे आणि मान ताठ करून चहाला जायचे. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार; आणि दिवा लावणारीही मीच.

मी घाबरले का? खरं सांगायचं तर नाही. आधी कान गरम झाले, मग हात अगदी शांत झाले. मला माझं काम येतं. चूक सापडली की ती कुठवर पसरली आहे हे कसं बघायचं ते येतं. मी ती बाजू पानावर आणली, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावले आणि नऊ डेपो पुन्हा मांडले. उत्तर डेपो: वर्षभरात तक्रारीच्या भेटी दोन हजार एकशे चाळीस, सगळ्यांत कमी. देखभालीच्या सहा हजार नऊशे पंच्याऐंशी, सगळ्यांत जास्त. बाकीच्या डेपोंच्या देखभालीच्या भेटी दोन हजारांच्या आसपास घोटाळत होत्या, आणि तक्रारीच्या पाच हजारांच्या वर. म्हणजे हे आठ डेपो आगी विझवत धावत होते आणि तो एक डेपो काड्यापेट्या उचलून ठेवत होता, आणि आम्ही त्यालाच कुलूप लावायला निघालो होतो. मी आकडे दुसऱ्या वाटेनं काढून पाहिले, मेकॅनिकांच्या रोजच्या नोंदींवरून. तेच आले. मग उत्तर डेपोचे तीन मेकॅनिक निवडून त्यांचा एकेक दिवस इमारतींसकट तपासला. तेच. पावणेदहा वाजले होते. तक्ता तयार होता आणि तो माझ्या अकरा वर्षांतला सगळ्यात चांगला तक्ता होता. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

आणि तेवढ्यावर थांबता आलं असतं. बैठकीपुरतं ते पुरेसं होतं. पण ठोकळ्यात दिवसांची बाजू मागेही जाते. हात आपोआप तीन वर्षं मागं गेला. तेव्हा डेपो दहा होते. दहावा कालव्याकाठचा, तेरा माणसांचा, सगळ्यांत लहान. माझ्याच तक्त्यावरून बंद झाला. मी दोन्ही प्रकार लावले. तक्रारीच्या तेराशे सहा. देखभालीच्या चार हजार आठशे बहात्तर. माणशी काढलं तर दहा डेपोंत पहिला. मी आकड्याकडे बघत राहिले, आणि मला आकड्यांच्या जागी एक माणूस दिसायला लागला. त्या डेपोचा प्रमुख. त्याला तेव्हाही सगळे मुकादम म्हणत, आणि आता तो आमच्याच तळघरात सुट्या भागांच्या कोठारावर बसतो तरी मुकादमच म्हणतात. बंद व्हायच्या आधीच्या महिन्यात तो माझ्या टेबलाशी आला होता. धिप्पाड माणूस, पण टेबलाच्या कडेला शाळेतल्यासारखा उभा. "बाई, जरा पुन्हा बघता का? माझी माणसं रोज बाहेर असतात हो." हातात वह्यांची चळत होती, तेरा जणांच्या रोजनिश्या, सुतळीनं बांधलेल्या. मी त्या सोडल्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं होतं, अगदी गोड आवाजात म्हटलं होतं, "मुकादम, वहीत माणूस स्वतःला हवं ते लिहितो. मशीन तसं लिहीत नाही." आणि मग त्याला पटावं म्हणून तक्रार विभागाचं रजिस्टर उघडून ताळा करून दाखवला होता. बघा, एकाचाही फरक नाही. तो बराच वेळ त्या दोन सारख्या आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "तुमचं चुकायचं नाही म्हणा," आणि वह्या उचलून गेला. वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला आता सहन होईना.

साडेअकराला साहेब आले, आठ डेपोंचे प्रमुख आले, आणि उत्तर डेपोचा प्रमुख, एक किरकोळ अंगाचा गृहस्थ, दाराजवळच्या खुर्चीत बसला. शिक्षा ऐकायला आलेला माणूस दाराजवळच बसतो. मी उभी राहिले. माझा आवाज नेहमीचाच होता; तो तसा राहील याची मला खात्री होती. मी म्हटलं, "आधीचा तक्ता बाजूला ठेवा. तो चूक आहे. चूक माझी आहे." आणि मग सांगितलं, काय धरून चाललो होतो आणि काय सुटलं. सगळ्यांना कळेल असं सांगितलं. साहेब कागदावर वाकले. "म्हणजे उत्तर..." "सगळ्यांत वरचा," मी म्हटलं. "त्यांच्या भागात लिफ्ट बंद पडण्याचं प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी आहे. तो डेपो बंद करायचा नाही, बाकीच्या आठांना त्यांच्याकडे शिकायला पाठवायचं." उत्तर डेपोच्या प्रमुखानं रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पश्चिम डेपोवाला कुरकुरला, "आम्हाला तक्रारींतूनच सवड मिळत नाही, देखभाल कधी करणार?" "देखभाल करत नाही म्हणून सवड नाही," मी म्हटलं. कुणीतरी हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ठीक. उत्तर राहील. तक्तेबाई, मशीनची गडबड होती असं लिहू टिपणात." "मशीननं मी सांगितलं तेच केलं," मी म्हटलं. "माझं नाव लिहा."

मग मी दुसरा कागद काढला, कालव्याकाठचा. साहेबांनी तो पाहिला आणि लगेच पालथा घातला. "हे आता कशाला? झालं गेलं. डेपो काय परत उघडणार आहे का? तिथं आता कुणाचं तरी गोदाम आहे." मी म्हटलं, "उघडणार नाही. पण तोही तक्ता माझाच होता." साहेब वाईट माणूस नाहीत. ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मुकादम आता तिथं रमलाय. दोन वर्षांत निवृत्त होईल. कशाला त्याची खपली काढता? ऐका माझं, हे आपल्या दोघांत राहू दे." बाकीचे कागद आवरत होते. मला वाटलं, ऐकावं. एक क्षणभर खरंच वाटलं. रिपोर्ट सुधारला, डेपो वाचला, बावीस जण वाचले, माझी मान अजून ताठ होती आणि वर चूक कबूल केल्याची शाबासकीही पदरात पडली असती. एवढं सगळं एका सकाळीत मिळवून माणसानं स्वस्थ बसायला हरकत नसते. पण मुकादमांचं ते 'तुमचं चुकायचं नाही म्हणा' माझ्या कानातून जाईना. मी साहेबांना म्हटलं, "ते मला जमायचं नाही," आणि कागद उचलून निघाले. मागून ते काही म्हणाले ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं पण थांबले नाही.

कोठार तळघरात आहे. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, तेलाचा वास, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि प्रत्येक कप्प्यावर मुकादमांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: दाराची चाकं, बटणांचे संच, दोरांच्या खोबण्या. ते चष्मा कपाळावर चढवून खिळ्याला टांगलेल्या मागणीच्या चिठ्ठ्या लावत बसले होते. मला बघून खुर्ची पुढे करायला उठायला लागले. मी म्हटलं, "बसा." आणि एका पालथ्या खोक्यावर मी बसले. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती एकही आली नाही. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मुकादम, तेव्हा तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. तुमच्या देखभालीच्या भेटी मी मोजल्याच नव्हत्या." त्यांना आधी कळलंच नाही. "कुठल्या?" "कालव्याच्या. तीन वर्षांपूर्वीच्या. सगळ्या." त्यांनी चष्मा खाली ओढला. बोटानं ओळ धरून वाचलं, ओठ हलत होते. "चार हजार आठशे बहात्तर," ते म्हणाले. "आणि हे माणशी?" "दहा डेपोंत पहिले," मी म्हटलं. "तुमच्या माणसांएवढं काम त्या वर्षी कुठल्याही डेपोनं केलं नाही."

मी वाट बघत होते की ते ओरडतील. ओरडायला हवं होतं. मी त्याची तयारी करून आले होते, सगळं ऐकून घ्यायची, काही न बोलण्याची. ते ओरडले नाहीत. कागदावरची नजर न उचलता म्हणाले, "तुमच्याकडून निघालो ना मी त्या दिवशी, तसाच डेपोत गेलो. तुम्ही ताळा दाखवलात. म्हटलं, आकडा काय माझा वैरी आहे? मग ही माणसंच मला फसवत असणार. रोज सकाळी निघतात, कुठं जाऊन बसतात कुणास ठाऊक." त्यांनी कागद टेबलावर सरळ केला. "शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना अंगणात उभं केलं, बाई. तेरा जणांना. आणि सांगितलं, तुमच्या कामचोरपणानं डेपो बुडाला. तुमच्या बायकापोरांना हेच सांगा. असं बोललो मी. वीस वीस वर्षं माझ्या हाताखाली राबलेली माणसं." "ते काय म्हणाले?" मी विचारलं, आणि विचारल्याचं लगेच वाईट वाटलं. "काही नाही. एकानंही तोंड वर केलं नाही. मी म्हटलं, बघा, मनात खोट आहे म्हणून गप्प आहेत." वर कुणीतरी लिफ्ट बोलावली, यंत्र घरघरलं, थांबलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तळव्यानं डोळे दाबले. माझा हात त्यांच्या टेबलावर होता, तो कुठं न्यावा मला कळेना, म्हणून तिथंच राहिला. "मला माफ करा असं मी म्हणणार नाही," मी म्हटलं. "तेवढ्यानं भागणार नाही." "नाही भागायचं," ते म्हणाले, साधेपणानं.

मग त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि आतून एक छोटी, कडा फाटलेली वही काढली. "सहा जणांचे नंबर आहेत माझ्याकडे. दोघं आपल्याच पूर्व डेपोत आहेत. बाकी पाच कुठं गेले माहीत नाही." "मी काढून देते," मी म्हटलं. "संध्याकाळच्या आत." ते मला काढता येतील याबद्दल मला जराही शंका नव्हती, माणसं शोधणं हे शेवटी माझंच काम, आजवर ती मी फक्त वेगळ्या बाजूनं शोधत आले होते. "फोन मी करणार," ते म्हणाले. "तुम्ही नाही." "बरं." "पण तुम्ही इथं बसा. कुणी विश्वास ठेवला नाही तर आकडा तुमच्या तोंडून ऐकवायचा." "बसते," मी म्हटलं. त्यांनी वही डाव्या हातानं उघडी धरली, जाडसर बोटानं एकेक आकडा जपून दाबला आणि फोन कानाला लावला. घंटा वाजत असलेली मलाही ऐकू येत होती. चार वेळा, पाच वेळा. मग पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, हॅलो, कोण बोलतंय, आणि मुकादम खुर्चीतून उठून उभे राहिले.